क्रूझ : सुट्टी नेमकी कुणाची?

‘क्रूझ’ हा शब्द काढला की आपल्याकडे दोन प्रकारच्या बायका भेटतात. एक म्हणते, ‘‘अगंबाई, ते काय आपल्यासारख्यांचं काम? तिथे म्हणे रोज पार्ट्या, दारू आणि तोकडे कपडे!’’ दुसरी म्हणते, ‘‘स्वर्ग असतो गं नुसता! माझ्या जावेची भाची जाऊन आली ना, फोटो बघितले मी.’’ गंमत म्हणजे दोघींपैकी एकीनेही जहाजावर पाऊल ठेवलेलं नसतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गेल्या वर्षी आमच्या भिशीतल्या आम्ही पाचजणी सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला जाऊन आलो. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. तेव्हापासून भाजीच्या गाडीपासून हळदीकुंकवापर्यंत कुठेही गेलं की प्रश्न सुरू होतात. किती खर्च आला? उलट्या झाल्या का? शाकाहारी मिळतं का? भीती नाही वाटली? म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. आणि लिहिता लिहिता माझं एक मतही सांगावं, कारण या प्रवासाबद्दल जे बोललं जातं त्यात बाईचा विचार फार कमी असतो.

आधी जहाज म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या डोळ्यांसमोर बोट असते ती अलिबागची. क्रूझचं जहाज म्हणजे एक अख्खं गाव, तरंगणारं. १९१२ साली बुडालेलं टायटॅनिक २६९ मीटर लांब होतं. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे. वीस मजले, एका खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर साडेसात हजारांच्या वर, आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी. आमचं जहाज एवढं मोठं नव्हतं, तरी त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं होती. म्हणजे गावची जत्राच म्हणा ना. तेव्हा ‘निवांत समुद्र आणि मी’ असलं चित्र मनात असेल तर ते थोडं पुसून घ्या. लिफ्टला गर्दी, नाश्त्याला गर्दी, पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर सकाळी आठपासून कुणाचे तरी टॉवेल. निवांतपणा मिळतो, पण तो शोधावा लागतो. पहाटे साडेपाचला वरच्या डेकवर गेलं की मिळतो.

अर्थात परदेशीच जायला हवं असं नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहूनही ‘एम्प्रेस’ नावाच्या जहाजाच्या गोवा, लक्षद्वीपकडे फेऱ्या सुरू झाल्या. हे जहाज १९९० साली बांधलेलं, आधी परदेशी कंपनीकडे होतं. पहिल्यांदा जाणारीने दोन-तीन रात्रींपासून सुरुवात करावी हे माझं स्पष्ट मत. आवडलं तर पुढे आहेच.

आता कामाच्या गोष्टी. जहाजावर चढणं हे विमानात चढण्यासारखंच असतं. पासपोर्ट, तपासणी, सामानाचं स्कॅनिंग. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत तुमच्या खोलीच्या दाराशी येतात. त्यामुळे औषधं, कागदपत्रं, पैसे, दागिने आणि एक कपड्याचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. व्हिसाचं एक लक्षात ठेवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणार असाल, तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. म्हणून एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. वाटेतल्या देशांचे नियम बदलत असतात, ते पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे. गरोदर मुलीला किंवा सुनेला नेणार असाल तर आणखी एक. बहुतेक कंपन्या प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागत असेल तर जहाजावर घेतच नाहीत. तान्ह्या बाळालाही साधारण सहा महिने पूर्ण व्हावे लागतात.

खोली लहान असते, हे आधीच मनाशी पक्कं करा. साध्या खोल्या दीडशे ते दोनशे चौरस फुटांच्या. आपल्या घरचं स्वयंपाकघर म्हणा. आतल्या बाजूची खोली सगळ्यात स्वस्त, तिला खिडकी नसते. दिवा मालवला की दिवस की रात्र कळत नाही. मग खिडकीवाली, मग गॅलरीवाली, तसतसे पैसे वाढत जातात. आम्ही तिघी एका खोलीत होतो. तिसरीची खाट रात्री छतातून खाली उतरते, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखी. न्हाणीघरात वळायचं तर दार उघडं ठेवावं लागतं, असं आमच्यातली एक म्हणाली, आणि ती काही फार जाड नाही! संडासात विमानासारखी हवेने ओढून घेणारी यंत्रणा असते. त्यात कागदाखेरीज काहीही टाकायचं नाही. सॅनिटरी पॅड तर मुळीच नाही. एकीने टाकलं की त्या रांगेतल्या सगळ्यांची पंचाईत.

खोलीत इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती यातलं काही चालत नाही. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते, म्हणून हा नियम कडक असतो. सकाळी देवासमोर उदबत्ती लावल्याशिवाय चहा न पिणाऱ्या बाईने चार दिवस नुसते हात जोडावेत. देव समजून घेतो. आणि सुती साड्यांचा मोह टाळा. न चुरगळणारे कपडे न्या. घरून नेलेला ताजा, घरगुती खाऊही बऱ्याच ठिकाणी काढून ठेवायला लावतात. दुकानातलं बंद पाकीट बहुधा चालतं.

कपड्यांबद्दल लोक विनाकारण घाबरवतात. कुणी कुणाकडे बघत नाही. माझ्या शेजारी साठीची एक जपानी बाई पोहण्याच्या कपड्यांत होती, पलीकडे आमच्या आत्या पाचवारी साडी आणि बूट घालून बसल्या होत्या, आणि दोघीही आपापलं आइस्क्रीम खात होत्या. तलावात उतरायचं मात्र पोहण्याच्याच कपड्यांत. अंगभर झाकणारे पोहण्याचे कपडेही आता आपल्याकडे सर्रास मिळतात, ते घेऊन ठेवा. पाण्यात न उतरता नुसतं काठावरून बघत बसण्यासाठी एवढे पैसे भरू नका.

मळमळीचं विचाराल तर मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे ‘स्टॅबिलायझर’ असतात, ते डोलणं कमी करतात. तरी समुद्र तो समुद्रच. सी-सॉवर मध्यभागी बसलेल्या पोराला सगळ्यात कमी हेलकावे बसतात, तसं जहाजाच्या मध्यावरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांत डोलणं कमी जाणवतं. ज्यांना एसटीच्या घाटातही त्रास होतो त्यांनी खोली निवडतानाच हे सांगावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवावी. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. पण त्याचं बिल डॉलरमध्ये होतं, म्हणून प्रवासाचा विमा हवाच हवा. तिथे काटकसर नको.

जेवणाबद्दल काय सांगू! सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही मांडलेलंच असतं. बुफे आणि मुख्य भोजनगृह तिकिटातच धरलेलं असतं. खास हॉटेलांत गेलात, सरबत, कोल्ड्रिंक, दारू घेतलीत, तर वेगळे पैसे. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर आपले लोक इतके असतात की डाळ, भात, पनीर, रोटी मिळतेच. जैन किंवा कडक शाकाहार असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा. केक, पुडिंग यांत अंडं असतं हे गृहीत धरा. बुफेच्या दाराशी हात धुवायला सांगणारा माणूस उभा असतो. काही जहाजांवर तर ‘वॉशी वॉशी’ असं गाणं म्हणत तो हातावर फवारा मारतो. हसून पुढे जाऊ नका. एवढी माणसं एकाच डावाला हात लावतात, तिथे नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू वणव्यासारखा पसरतो. आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय. म्हणजे आपल्या आज्जीचाच नियम: आधी हात-पाय धू, मग पानावर बस.

आता पैशांचं, कारण खरी मेख इथेच आहे. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. ते क्रेडिट कार्डाला किंवा आधी भरलेल्या रकमेला जोडलेलं असतं. कार्ड दाखवायचं, सही करायची, की झालं. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणूनच ते जास्त जातात. फोटोवाले येऊन छान छान फोटो काढतात. काढणं फुकट, घेणं महाग. इंटरनेट वेगळं. आणि मोबाइल चुकून जहाजावरच्या नेटवर्कला जोडला गेला तर बिल बघून चक्कर येईल, म्हणून चढल्याबरोबर ‘एअरप्लेन मोड’. जुगाराचा अड्डाही असतो. जहाज बंदर सोडून खुल्या समुद्रात गेलं की तो उघडतो. नवरोबा ‘जरा बघून येतो’ म्हणाले तर घड्याळ लावा!

याखेरीज ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून एक आकडा असतो, म्हणजे कर्मचाऱ्यांची बक्षिसी. ती बहुतेक मोठ्या कंपन्या दर माणशी, दर दिवशी खात्यावर आपोआप चढवतात. साधारण १६ ते २० डॉलर. चौघांचं कुटुंब चार रात्री गेलं आणि १८ डॉलर धरले, तर २८८ डॉलर होतात. म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास. आमच्या टूरवाल्याने हा शब्दही उच्चारला नव्हता. शेवटच्या सकाळी बिल हातात पडल्यावर बसमध्ये भजनाऐवजी त्याचंच नामस्मरण चाललं होतं. तेव्हा जाहिरातीतला आकडा बघून भुलू नका. बंदराचा कर, बक्षिसी, विमा, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि किनाऱ्यावरची सहल, एवढे सहा प्रश्न कागदावर लिहून घेऊन जा आणि उत्तरं लिहून मागा.

एकटीने जायचं म्हणणाऱ्या बाईवर तर या धंद्यात अन्यायच आहे. भाडं एका खोलीत दोघं धरून ठरतं. त्यामुळे एकटीला जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. २०१० साली ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी मुद्दाम १२८ छोट्या खोल्या काढल्या, आणि मग इतरांनीही थोड्याफार काढल्या. पण अजून त्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, अविवाहित. त्यांना जायचंय, पैसेही आहेत, पण ‘एकटी आहे म्हणून दंड का भरू?’ असं त्या म्हणतात. मला त्यांचं पटतं. तोपर्यंत उपाय एकच, आपल्यासारखीच दुसरी शोधायची.

भीतीचं विचारता ना, तर त्याविषयी जरा गंभीरपणे. कोकणातल्या जुन्या माणसांना ‘रामदास’ बोट आठवते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कितीतरी घरांत त्यानंतर समुद्राचं नाव काढलं जात नसे. आजची जहाजं वेगळी आहेत, पण समुद्र गाफील माणसाला माफ करत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे मोठं क्रूझ जहाज खडकावर आपटून कलंडलं. चार हजारांवर माणसं होती, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षिततेची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या नेमून दिलेल्या जागी जायचं. अलीकडे बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत बघून त्या जागी जाऊन फक्त नोंद करावी लागते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण आपल्या बायका तेव्हा काय करतात? पोरांच्या बॅगा लावतात! ‘हे गेलेत ना, ते बघून येतील.’ नाही हो. त्यांनी बघितलं म्हणजे तुम्हाला पोहायला येत नाही. आपली जागा आपल्या पायांनी जाऊन बघायची.

बंदरावर उतरल्यावरची एकच सूचना. परत यायची वेळ दिलेली असते, ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्ही तुमच्या रिक्षाने फिरत असाल तर थांबत नाही. आणि जिथे उतरतो ते गावही कुणाचं तरी असतं, हे विसरू नये. एका सकाळी तीन-चार हजार माणसं एकदम उतरली की तिथल्यांचं काय होतं, हे दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला किंवा महाबळेश्वरला राहणाऱ्या बाईला विचारा. व्हेनिसमध्ये तर लोकांच्या अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना शहरातल्या मुख्य जलमार्गावर बंदीच घातली.

आता मला जे मनापासून सांगायचंय त्याकडे येते.

आमच्या गटातल्या एकीची आत्या आमच्याबरोबर होत्या. वय अडुसष्ट. आम्ही सगळ्याच त्यांना आत्या म्हणतो. मुलगा म्हणाला होता, ‘‘आई, या वयात कशाला? टीव्हीवर दिसतंच की सगळं.’’ आत्यांनी भिशीचे आणि पेन्शनमधले साठवलेले पैसे भरले आणि आल्या. पहिल्या दिवशी सकाळी सहाला बघते तर आत्या चादरी ओढून, घड्या घालून, टेबल पुसून बसलेल्या. म्हटलं, ‘‘आत्या, खोली आवरायला माणूस येतो.’’ तर म्हणाल्या, ‘‘अगं, त्याला कशाला पसारा दाखवायचा?’’ शेजारच्या खोलीतल्या दोघींचंही तेच. बुफेत गटातल्या सगळ्या बायका आधी नवऱ्याचं ताट वाढून आणायच्या, मग मुलांचं, मग स्वतःसाठी रांगेत. तोवर डोसा संपलेला. पन्नास पदार्थ मांडलेल्या जागीसुद्धा बाई शेवटीच जेवत होती! हे बघून मला हसूही येईना आणि रागही धड येईना. चाळीस वर्षांची सवय समुद्रात बुडवता येत नाही.

म्हणून म्हणते, क्रूझ ही चैन आहे की नाही हा वाद घालत बसण्यापेक्षा, ती सुट्टी कुणाची आहे ते विचारा. आपल्या बाकीच्या सहली आठवून बघा. काश्मीरला जा नाहीतर कोकणात, रोज सामान बांधा, रोज सोडा, बसमध्ये पोरांना बिस्किटं पुरवा, सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळा. क्रूझवर सामान एकदाच लावायचं आणि गाव आपल्याकडे येतं. जेवायला काय करू हा प्रश्न नाही. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी बहुतेक मोठ्या जहाजांवर खेळघर असतं, तिकिटातच. रात्री दहाला एकटी बाई डेकवर फेरी मारून येऊ शकते. सावध राहायचं ते राहायचंच, पण तिथे दिवे असतात, कॅमेरे असतात, माणसं असतात. आपल्या गावात रात्री दहाला मी एकटी शेवटची कधी चालले होते, मला आठवत नाही. एवढं सगळं पैसे मोजून मिळवायचं आणि तिथेही वाढप्याचंच काम करायचं, तर ते पैसे खरंच पाण्यात!

तेव्हा दोन गोष्टींचा हट्ट धरा. कार्ड तुमच्या नावाचं तुमच्याच पर्समध्ये, आणि त्यावर थोडी तरी रक्कम तुमच्या खर्चाची. कुणाला न विचारता खर्च करायची. आणि रोजचे दोन तास तुमचे. त्या वेळात कोण कुठे आहे, काय खातंय, हे तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं. तिसऱ्या दिवशी आत्या एकट्याच वरच्या मजल्यावर गेल्या. खाली आल्यावर आम्ही विचारलं, कुठे होतात? म्हणाल्या, ‘‘कॉफी घेतली. सही केली.’’ कशी होती? ‘‘बरी होती. जरा महाग.’’ एवढंच. पण त्या पावतीची घडी त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली मी बघितली.

यालाच जोडून एक दुसरी बाजू आहे, ती सांगितली नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. आपण चार दिवस हात हलवत नाही, तेव्हा कुणीतरी दुसरं हलवत असतं. आमची खोली आवरणारा मुलगा इंडोनेशियाचा होता, जेवण वाढणारा गोव्याचा. मराठी ऐकून तो आपणहून बोलायला आला. गोव्या-कोकणातली माणसं काही आजच जहाजावर गेलेली नाहीत. इंग्रजांच्या काळापासून ती बोटीवर आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या एकेका गावाची ‘कूड’ असायची, काही अजून आहेत. बोट लागेपर्यंत खलाशाने तिथे पथारी टाकायची. हा मुलगा सांगत होता, सहा-आठ महिन्यांचा करार, साप्ताहिक सुट्टी अशी नाहीच. धाकटी मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता. बरीच जहाजं बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली नोंदवलेली असतात, कारण तिथे कर आणि कायदे कंपन्यांना सोयीचे पडतात. कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू झालेला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, असं सांगितलंय. म्हणजे उरलेल्या वेळात किती काम असू शकतं, याचा हिशोब तुम्हीच करा.

घरी न दिसणारं, न मोजलं जाणारं काम म्हणजे काय, हे आपल्याहून जास्त कुणाला कळणार? म्हणून ‘ए भाऊ, इकडे’ अशी हाक नको, छातीवर नावाची पट्टी असते ती वाचा. ताटं भरभरून घेऊन टाकू नका. आणि बक्षिसीच्या नावाने बिलाच्या खिडकीशी भांडून ती काढून घ्यायला लावणारे आपलेच लोक मी बघितले, ते तर अजिबात नको. ती रक्कम आधी माहीत करून घ्या, बजेटमध्ये धरा आणि आनंदाने द्या.

मग जावं की न जावं? कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. ज्यांना देवळं, किल्ले, रानवाटा मनसोक्त बघायच्या असतात त्यांनीही जाऊ नये, कारण एका बंदरावर जेमतेम सहा-आठ तास मिळतात. गर्दीचा, आवाजाचा त्रास होत असेल तर पुन्हा विचार करावा. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या जेवणाच्या वेळा सांभाळून जिचं कंबरडं मोडलंय, गुडघे फार चालू देत नाहीत, आणि जिच्याजवळ चार पैसे स्वतःचे आहेत, तिने जरूर जावं. मुलगा ‘टीव्हीवर बघ’ म्हणाला तरी जावं.

आणि ज्यांना एवढे पैसे घालणं शक्य नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आमच्या भिशीत आता आम्ही ठरवलंय, दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येकीचं स्वयंपाकघर बंद. घरच्यांनी काय खायचं ते त्यांनी बघावं. पहिल्या शनिवारी दोन घरांत वादावादी झाली, एका घरात खिचडी करपली. तिसऱ्या शनिवारपर्यंत सगळ्यांना जेवायला मिळू लागलं. करून बघा. त्याला ना पासपोर्ट लागतो, ना व्हिसा.